तलासरी नाक्यावरचा जोडीचा फोटो

डहाणूला रात्र नसते, असं मला मुंबईच्या एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं होतं. फोटोग्राफीतले जाणकार, बोर्डीला कुणाच्या तरी चिकूच्या वाडीत सुट्टीला आले होते. कॅमेऱ्याचे सेल घ्यायला माझ्या स्टुडिओत शिरले, भिंतीवरचे माझे रात्रीचे फोटो मान तिरकी करकरून पाहिले आणि म्हणाले, हात चांगला आहे तुमचा, पण रात्रीचं शहर काढायचं तर आधी शहर लागतं. इथं आठ वाजता सगळं निजतं. मी त्यांना सेल दिले आणि म्हटलं, आज जेवून या, दाखवते तुम्हाला डहाणूची रात्र. ते आले नाहीत. आठ वाजता निजले असतील.

रात्र असते. ती घड्याळावर चालत नाही, म्हणून पाहुण्यांना सापडत नाही, इतकंच. खाडीत बोटी भरतीबरोबर येतात. भरती मध्यरात्री असेल तर बाजार मध्यरात्री भरतो. बायका टोपल्या घेऊन धक्क्यावर बसलेल्या असतात आणि दिवसा जे बोलता येत नाही ते सगळं तिथं बोलून होतं. चिकूच्या हंगामात ट्रक भरता भरता हमाल एकमेकांची इतकी टर उडवतात की मला कॅमेरा स्थिर धरणं कठीण जायचं. नवरात्रात गरबा, उन्हाळ्यात मोठे दिवे लावून टेनिस बॉलचं क्रिकेट, ज्यात बॉलपेक्षा कॉमेंट्री जास्त उंच जाते. आणि तिकडे तलासरीला तर हायवेच आहे. तो आजवर कधी निजलेला मी पाहिलेला नाही.

दिवसा मी वडिलांनी टाकलेला स्टुडिओ चालवायचे. पासपोर्ट साइज, साखरपुडे, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, आणि गेलेल्या माणसांच्या फ्रेमा. लोक लग्नातला कुठला तरी गर्दीचा फोटो घेऊन येत आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या आजोबांवर बोट ठेवत. आम्ही आजोबांना गर्दीतून बाहेर काढायचो, अंगात कोट घालायचो, मागे निळं आभाळ लावायचो. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस भिंतीवर कोट घालून बसायचा आणि घरच्यांचं समाधान व्हायचं. ह्या कामाला मी कधी नाक मुरडलं नाही, पण त्यात जीवही अडकला नाही. जीव रात्रीत होता.

रात्रीचे फोटो मी काळे-पांढरेच काढायचे. रात्री रंग खोटं बोलतात. ट्यूबलाइट माणसाला हिरवट करते, रस्त्यावरच्या दिव्याखाली सगळ्यांना कावीळ होते आणि डीजेच्या उजेडात नवरदेव जांभळा दिसतो. रंग काढून घेतला की चेहरा राहतो. कॅमेराच मी तसा लावून ठेवलेला, रंग आत येतच नसे. नंतर मन डळमळलं तरी माघार घ्यायला वाव नको, हा त्यामागचा हिशोब. घरचे म्हणायचे, बाईमाणसानं कॅमेरा घेऊन रात्री रस्त्यावर काय उभं राहायचं. मी म्हणायचे, उभी राहत नाही, पुष्कळदा बसते.

सोबत असायचा माझा नेहमीचा रिक्षावाला. लग्नाच्या ऑर्डरींना तोच मला तलासरी, गंजाडच्या बाजूला न्यायचा, आणि परत येताना मी जिथं सांगेन तिथं थांबायचा. त्याच्या रिक्षाचा पुढचा दिवा हा माझा दिवा. त्यावर त्याचा गमछा टाकला की उजेड मऊ पडायचा. मी थोडी खुळी आहे असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो कधी लपवायचा नाही. पण दिवा मात्र मी म्हणेन तिकडे बिनचूक फिरवायचा.

एका गोष्टीत मात्र मला आमचे लोक कळायला वेळ लागला. स्टेशनबाहेर अंडाबुर्जीची एक गाडी होती. गाडीवाल्याचा मी एक फोटो काढला होता, तव्याच्या वाफेत चेहरा अर्धा बुडालेला, हातातून अंडं निसटून तव्यावर पडतंय. फार सुंदर आला होता. माझंच काम आहे म्हणून कमी कशाला सांगू. मी तो मोठा केला, काळ्या पट्टीची फ्रेम केली आणि त्याला भेट दिली. त्यानं कौतुकानं गाडीवर, देवांच्या शेजारी टांगला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं रोजच्यासारखी देवांना उदबत्ती लावली. तो पाव आणायला गेला होता. गिऱ्हाइकं आली, फोटो पाहिला, उदबत्ती पाहिली आणि आवाज खाली आणून गाडीवर थांबलेल्या त्याच्या मेव्हण्याला विचारू लागली की कधी झालं, कालपर्यंत तर धडधाकट होता. मेव्हण्याला काही कळेना. तेवढ्यात हा सायकलवरून पावाची लादी घेऊन हजर. एका गिऱ्हाइकाच्या घशात घास अडकला, पाठीत गुद्दे घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणली. म्हणाला, "बेन, फोटो एकदम सरस. पण तुमच्याकडंच राहू द्या. टाइम आला की घरचे येऊन घेऊन जातील."

मी खूप हसले आणि मग मला राग आला. पण कळलं ते कळलं. आमच्याकडे माणूस फोटोत एकटा असेल, फ्रेमीत असेल आणि रंग नसेल, तर तो मेलेला असतो. बाकी फोटोग्राफीची कितीही पुस्तकं वाचा. मी काळं-पांढरं सोडलं नाही. फक्त भेटी देणं बंद केलं आणि फोटो माझ्याच भिंतीवर लावू लागले.

तलासरीचा तो फोटो ह्याच भिंतीवर होता. दोन हजार पंधरातली नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. मासेमारी पुन्हा सुरू होते त्या दिवसांत आमच्याकडच्या पाड्यांवरचे तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांवर जातात. बोटीचा तांडेल, म्हणजे तिचा कप्तान, गाडी पाठवतो, गाडी रात्री तलासरी नाक्यावर येते आणि माणसं ढाब्यासमोर आपापल्या गाठोड्यांवर बसून तिची वाट पाहतात. मी एका साखरपुड्याहून परतत होते. ढाब्याच्या बाहेर खांबाला एक ट्यूबलाइट, तिच्याखाली गाठोड्यावर एक तरुण बसलेला आणि त्याच्याशेजारी उभी राहून त्याची बायको त्याला फैलावर घेत होती. प्यायच्या पाण्याची बाटली तो भरायला विसरला होता. तो दात काढत ऐकत होता.

मी रिक्षा थांबवली, दिवा फिरवायला सांगितला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाईनं ते पाहिलं, पदर ओढला, बाटली उचलली आणि ढाब्याच्या नळाकडे चालू लागली. माझ्या फोटोत आला तो एकटा तरुण. मान एका बाजूला वळवून हसतोय आणि त्याच्याशेजारी खांबापर्यंत रिकामी जागा. थोड्या वेळानं गाडी आली. खिडकीतून भरलेली बाटली आत गेली, एक हात बाहेर आला, हलला, आणि हायवे पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागला.

त्या रिकाम्या जागेचं मला फार कौतुक होतं. स्टुडिओत येणाऱ्याला मी ती बोट फिरवून दाखवायचे. एवढी जागा मोकळी सोडायला धीर लागतो म्हणायचे.

त्या हिवाळ्यात त्याची बोट समुद्रात हद्दीच्या पलीकडे गेली म्हणून पकडली गेली आणि सगळे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात गेले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. कुठल्या ना कुठल्या पाड्यावर अशी एखादी बाई वाट पाहत असतेच. मला कळलं ते दोन वर्षं उलटून गेल्यावर, त्याचा थोरला भाऊ स्टुडिओत आला तेव्हा. सभ्य, थकलेला माणूस. पाड्यावरचा कुणीतरी पासपोर्ट साइज काढायला आला होता, त्यानं भिंतीवर फोटो ओळखला आणि जाऊन सांगितलं. भाऊ फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं सांगितलं की बोटीवरचे काही जण सुटून आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हा आत फार आजारी पडला, त्याला बराकीतून उचलून नेलं, पुढे कुणाला दिसला नाही. आईचं वय झालंय. किती दिवस आशेवर ठेवायचं. येत्या रविवारी पाहुणे बोलावलेत, त्याचे दिवस घालायचे ठरलंय. भिंतीवर लावायला एक मोठा फोटो पाहिजे.

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून आनंदही झाला. इतक्या वर्षांत माझा रात्रीचा फोटो कुणीतरी स्वतःहून मागितला होता. मी म्हटलं, असा करून देते की बघत राहाल. त्याच रात्री बसून मी प्रिंट काढली. काळ्यातले सगळे काळे वेगवेगळे दिसत होते, शर्टाची सुरकुती, हायवेचं डांबर, मागच्या ट्रकचं टायर. तसं काम मी पुन्हा केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. मी ओळखलं नाही. त्या रात्री मी तिचा पदरच काय तो पाहिला होता. वाळत टाकलेल्या प्रिंटसमोर ती गेली आणि म्हणाली, "ह्यो रंगीत करा."

मी सांगितलं की मी रंग भरत नाही, आणि ह्यात मूळचा रंग नाहीच. तिनं विचारलं, मग शर्ट निळा करायला काय हरकत आहे, निळाच होता, तिनंच धुतला होता. माझं डोकं तापलं. वडील जुन्या फोटोंना हातानं रंग द्यायचे ते मी लहानपणी पाहिलेलं. ओठ डाळिंबी, गाल गुलाबी, जत्रेतल्या बाहुल्यांसारखी माणसं दिसायची. माझ्या सर्वांत चांगल्या फोटोवर मी निळा शर्ट चढवणार नव्हते. मी तिला जरा तोडूनच म्हटलं की ऑर्डर तुझ्या दिरानं दिलीय, फोटो तुला नको असेल तर त्याच्याशी बोल.

ती गेली नाही. स्टुलावर बसली आणि शांतपणे सगळं सांगितलं. रविवारी सासू फोटोला हार घालणार. हार पडला की दिवस घातले जाणार. मग तिचे माहेरचे तिला घेऊन जाणार. वय आहे तोवर दुसरं घर बघू असं त्यांनी ठरवूनच ठेवलंय. कुणी तिच्या वाईटावर नव्हतं. सगळे दमले होते, एवढंच. तिला मात्र पक्कं वाटत होतं की तो आहे. का, ते तिला सांगता येत नव्हतं, आणि तिनं सांगायचा प्रयत्नही केला नाही.

"हार पडला का तो मेला, बाय," ती म्हणाली. "मंग तो आला तरी येल कुठं?"

मला बुर्जीवाला आठवला. त्या वेळी मी हसले होते. आता तेच माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एकटा, फ्रेमीत, रंग नाही. ह्या तिन्ही गोष्टी मी स्वतःच्या हातानं, अभिमानानं करून ठेवल्या होत्या. मी प्रिंटकडे पाहिलं. तीही पाहत होती, पण त्याच्याकडे नाही. तिचं बोट खांबाजवळच्या रिकाम्या जागेवर गेलं.

"हितं मी व्हते," ती म्हणाली.

तेव्हा मला सुचलं, आणि सुचलं ते इतकं लख्ख की मी तिला चहा सांगून टाकला. जोडीच्या फोटोला आमच्याकडे एकजण हयात असताना हार घालत नाहीत. कुणाची तशी हिंमतच होत नाही. शेजारी बसलेल्या जित्या माणसाच्या गळ्यात हार घातल्यासारखं ते होतं. आणि दोन फोटो जोडून एक करणं हे तर आमचं रोजचं काम. दुबईला गेलेला मुलगा मी साठीच्या फोटोत आईशेजारी आणून उभा केलेला आहे. रंगाला हात न लावता हे होणार होतं. फक्त तिला त्याच जागी, त्याच उजेडात उभं करायचं होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही तलासरीला गेलो. रिक्षावाल्यानं वाटेत सगळं ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खुळी म्हणाला नाही. ढाब्यावर पोचलो तर पंचाईत. मालकानं मधल्या काळात जुनी ट्यूब काढून पांढरे भगभगीत दिवे लावले होते. त्या उजेडात ती उभी राहिली असती तर दोघं दोन वेगवेगळ्या रात्रींतून आल्यासारखी दिसली असती. मी मालकाला म्हटलं, थोडा वेळ बोर्डाचे दिवे घालवा. तो म्हणाला, दिवे घालवले तर गाड्या पुढच्या ढाब्यावर जातील. माझं आणि त्याचं चांगलंच वाजलं. शेवटी तिनं स्वतः जाऊन त्याला दोन वाक्यांत काय सांगायचं ते सांगितलं. तो आत गेला, अडगळीतून जुनी ट्यूब काढून आणली, पुसली आणि स्वतः खांबावर चढून लावली. मग सगळे दिवे घालवून दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

गाठोडं म्हणून आम्ही रिक्षाची मागची गादी ठेवली. ती शेजारी उभी राहिली ती सरळ, हात खाली, नजर कॅमेऱ्यात, रेशन कार्डाचा फोटो काढायला आल्यासारखी. असं पाचसहा वेळा झालं. मी म्हटलं, अगं, त्या रात्री अशी उभी होतीस का? काय करत होतीस त्या वेळी?

"शिव्या देत व्हते," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग दे.

तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. रिक्षावाल्यानं तोंड फिरवलं. मग ती त्या रिकाम्या गादीकडे वळली आणि हळूहळू सुरू झाली. बाटली विसरलास, उद्या डोकं विसरशील. तिथं समुद्राचं पाणी पिणार आहेस का. कुणी मागनं धावायचं तुझ्या, मी जन्मभर धावू का. आवाज चढत गेला, हात वर आला, पदर खांद्यावरून ओघळला तरी तिला त्याचं भान राहिलं नाही. दोन वर्षांचं बोलणं होतं ते. मी फोटो काढत राहिले. तिचं संपलं तेव्हा ढाब्याच्या दारात बरीच माणसं जमली होती. रिक्षावाल्यानं गमछा दिव्यावरून काढला तो डोळ्यांना लावला. धूर फार आहे म्हणाला.

स्टुडिओत आल्यावर मी ती दोघं जोडली. माझी लाडकी रिकामी जागा गेली, आणि गेली ते बरंच झालं. बायको हात वर करून बोलतेय आणि नवरा मान दुसरीकडे वळवून हसतोय. तो का हसतोय, ते त्या फोटोला आत्ता कुठे कळलं होतं. जोड कुठे आहे ते मलाही नंतर शोधायला लागायचं. मी त्याला साधी लाकडी फ्रेम केली, काळी पट्टी नाही.

रविवारी फ्रेम घेऊन मी स्वतः पाड्यावर गेले. अंगणात माणसं बसली होती. भिंतीला गेरू दिलेला, मधोमध खिळा ठोकलेला, आणि म्हातारी सासू मांडीवर झेंडूचा हार घेऊन बसलेली. थोरल्या भावानं कागद सोडला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला की त्यानं एकट्याचा सांगितला होता.

मी म्हटलं, "तुमचा भाऊ त्या रात्री एकटा नव्हता. मी होते तिथं, मी पाहिलंय."

हे मी ठणकावून म्हटलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भाऊ बायकांकडे, मग जमलेल्या वडीलधाऱ्यांकडे पाहू लागला. एक म्हातारे पुढे आले, फोटो न्याहाळला आणि मान हलवून मागे सरकले. हार घालायला पुढे कुणीच येईना. सासूनं फ्रेम मांडीवर मागून घेतली. डोळे अधू, तिनं काचेवर अगदी नाक टेकवलं. मुलाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मग सुनेच्या उगारलेल्या हातावरून. एकाएकी ती हसली. म्हणाली की ही अशीच ओरडते त्याला, आणि तो असाच ऐकत नाही. तिनं हे वर्तमानकाळात म्हटलं, आणि ते अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं.

भावानं विचारलं, मग दिवस घालायचे नाहीत का. सासू म्हणाली, "तो जिच्याजवल हाय, तिला ईचार."

सुनेला कुणी विचारलं नाही. गरजच उरली नव्हती. फोटो खिळ्यावर गेला. हाराचं काय करायचं हा प्रश्न थोडा वेळ पडला. ओवलेला हार तसाच टाकायचा कसा. मग सासूच उठली आणि तो तिनं दाराच्या चौकटीवर बांधला. सणाला बांधतात तसा. आलेले पाहुणे जेवून गेले. माहेरचे लोकही जेवले आणि तिला न घेताच परत गेले.

ह्यानं तो परत आला असं मी म्हणणार नाही. फोटोनं कुणी सुटत नाही. एवढंच झालं की त्या घरात तो मेला नाही.

पुढच्या वर्षी थंडीत आमच्याकडे जमीन हादरायला लागली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रात्र रात्र लोक घराबाहेर झोपायचे, ताडपत्रीच्या मांडवात, शेकोट्यांभोवती. मी पुष्कळ रात्री तिकडे काढल्या. त्यांच्या पाड्यावर गेले तर घरातनं भांडी, धान्य, कोंबड्यांची टोपली बाहेर आली होती, आणि अंगणातल्या आंब्याच्या फांदीला तो फोटो टांगलेला होता. ती म्हणाली की घर पडलं तर पडलं, पण तो आत एकटा नको.

आणि दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात सोडून दिलेल्या खलाशांच्या एका तुकडीतून तो आला. आजारातून उठल्यावर त्याला दुसऱ्या बराकीत टाकलं होतं, पत्रं लिहिली ती पोचली नव्हती. पाड्यावर तो रात्रीचा पोचला. हादरे अजून थांबले नव्हते, त्यामुळे घरात कुणी नाही, सगळे अंगणात झोपलेले, आणि आंब्याच्या झाडावर तो स्वतः हसतोय. हे त्यानंच मला सांगितलं. म्हणाला की आधी घाबरलो, फ्रेमीत बघून वाटलं आपण खरंच मेलो. मग बाजूला ही दिसली, हात उगारलेली, तेव्हा जिवात जीव आला.

दोघं स्टुडिओत आली होती, कारण त्याचे सगळे कागद नव्यानं करायचे होते आणि त्यासाठी पासपोर्ट साइज फोटो लागणार होता. खूप वाळला होता तो. निळ्या पडद्यासमोर मी त्याला स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यातून पाहते तर ती शेजारी येऊन उभी. मी म्हटलं, सरकारला एकट्याचाच लागतो. ती म्हणाली, नाही. मी समजावलं, त्यानं समजावलं, बाहेर थांबलेला रिक्षावाला आत येऊन समजावून गेला. ती ऐकून घेत होती आणि हलत नव्हती.

"एकट्याचा नाय काढायचा," ती म्हणाली. "एकदा मी बाजूला झाले, तेवढं पुरं झालं."

शेवटी आमची तडजोड झाली. ती चौकटीच्या बाहेर, पण हाताच्या अंतरावर उभी राहिली आणि तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली. तसाच मी फोटो काढला. ऑफिससाठी रंगीत, कडेची बोटं कापून टाकली आणि आठ प्रती दिल्या. मग त्यांना तसंच थांबवून एक माझ्यासाठी काढला, काळा-पांढरा. तिनं ह्या वेळी रंगाचं नाव काढलं नाही.

तो माझ्या भिंतीवर आहे. मोठा केलेला, फ्रेमीत, माणूस एकटा. येणारे लोक बघतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, कधी गेला हो?

मी म्हणते, कडेला नीट बघा.